इंजिनाच्या आधी आलेलं पुस्तक

धावड्याच्या आमच्या घरात शाळेची सोडून जे पहिलं पुस्तक आलं, ते विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचं माहितीपुस्तक होतं. इंजिन आलंच नव्हतं. जालन्याच्या दुकानदाराने दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं होतं, "इंजिनाला दोन महिने लागतील. तोवर हे वाचून ठेवा." दादांना वाचता येत नव्हतं. मी सहावीत होते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

पहिल्या संध्याकाळी ऐकायला दादा आणि त्यांची मोठी बहीण, माझी आत्या, एवढेच होते. पुस्तक म्हटल्यावर आत्याने डोक्यावर पदर घेतला.

"नवीन इंजिनावर सुरुवातीस पूर्ण भार टाकू नये," मी वाचलं.

"बराबर हाय," आत्या म्हणाली. "नव्या सुनेचं बी तसंच असतंय."

आठवड्याभरात ओसरीवर पंधरा माणसं जमायला लागली. शेजारच्या काकांना पिस्टन बिलकुल आवडला नाही. "ह्यो नुसता खालीवर करून राह्यलाय. कष्ट सगळे त्या दांड्याला!" यावरून दोन घरांत तीन दिवस बोलणं बंद होतं.

मग भागांचं चित्र आलं. चित्रात बावीस आकडे होते, पण खालच्या यादीत तेरानंतर एकदम पंधरा. चौदा नंबरच्या भागाला नावच नव्हतं.

"न्हाई म्हंजे? नीट बघ, पोरी," काका म्हणाले.

मी नीट बघितलं. लोक उठून गेले. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायका मला विचारायला लागल्या, चौदाचं काही कळलं का. आत्या तर जेवेना. शेवटी मला राहवेना. मी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि संध्याकाळी पुस्तकातल्याच आहेत अशा आवाजात वाचल्या, "क्रमांक चौदास दर आठवड्यास दोन थेंब तेल द्यावे. तो आवाज करीत नाही, म्हणून त्यास विसरू नये."

ओसरीवर सगळ्यांनी श्वास सोडला. आत्याने डोळे पुसले.

दोन महिन्यांनी इंजिन आलं, सोबत जालन्याचा मिस्तरी. त्याने हँडल हातात घेतलं, तसे काका पुढे झाले.

"मिस्तरी, चौदा नंबरला तेल दिलं का?"

मिस्तरी थांबला. त्याने आमच्याकडे बघितलं, मग इंजिनाकडे. मी आत्याच्या मागे सरकले.

"देऊनच राह्यलो ना," तो म्हणाला. तेलाची बुधली काढून त्याने चाकामागे कुठेतरी दोन थेंब सोडले, बोटाने पुसले आणि मान डोलावली. इंजिन पहिल्याच फेऱ्यात सुरू झालं.

घरी येताना मी रडत आत्याला खरं सांगितलं. ती चालता चालता म्हणाली, "मला ठाव होतं. त्या पुस्तकाला कुणाची एवढी माया न्हाई."

पाणी वाहायला लागलं तरी दुसऱ्या दिवशी माणसं वेळेवर आली. दादा चिडले. "आता इंजिन आलंय. तिकडं जाऊन बघा की!"

"बघितलं," काका म्हणाले. "नुसतं धकधक करतंय. पोरीला वाचू द्या."

पुस्तक तीनदा वाचून झालं होतं. मी आत जाऊन वही आणली, पुस्तकाच्या आत ठेवली आणि ओसरीवर येऊन बसले.