लिमये सरांचं बंद जर्नल

बाकीच्या ऑफिसांतले किस्से कँटीनमध्ये खर्च होतात. ग्रंथालयात मोठ्याने बोलायचं नाही, हसायचं तर त्याहून नाही, त्यामुळे आमचे आतल्या आत साचत जातात. कामशेतच्या अलीकडे, हायवे सोडून आत असलेल्या आमच्या विद्यापीठात मी जर्नल्सचं बजेट सांभाळते. म्हणजे कुठलं जर्नल घ्यायचं आणि कुठलं बंद करायचं हे कमिटी ठरवते आणि शिव्या मी खाते. यातले बरेच किस्से सांगताना मला हसू येतं. सांगून झाल्यावर मात्र वाईट वाटतं, ते वाटतंच.

*

वित्त अधिकारी नवीन आले होते. मी फाईल पुढे ठेवली, तर म्हणाले, "मॅडम, हीच जर्नल्स गेल्या वर्षी घेतली होती ना? वाचून संपली नाहीत अजून?"

मी समजावलं की ही कॉम्प्युटरवरची जर्नल्स. आपण ती विकत घेत नाही, वर्षभर वाचायचा परवाना घेतो.

"आणि पुढच्या वर्षी पैसे नाही भरले तर?"

"बरीचशी बंद होतात. आधी वाचलेले अंकसुद्धा."

"म्हणजे भाड्याचं घर!"

"हो सर. आणि भाडं डॉलरमध्ये."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, मग एकदा घरमालकाला भेटून घ्या ना! समोरासमोर बसलं की कमी करतात."

घरमालकाचं तोंड मी आजवर पाहिलेलं नाही. दर वर्षी त्याची मेल येते, भाव वाढल्याची, आणि खाली प्रेमाने सही असते.

*

ही जर्नल्स फक्त कॅम्पसच्या नेटवर्कवर उघडतात. लोणावळ्याच्या एका विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुट्टीला घरी जायच्या आधी विचार केला, की सुट्टीत वाचायला काहीतरी हवं. त्याने एका प्रकाशकाचं सगळं दुकानच लॅपटॉपवर उतरवायला घेतलं! तिकडच्या यंत्राला वाटलं दरोडा पडला. त्यांनी आख्ख्या विद्यापीठाला कुलूप लावून टाकलं आणि मी पुढचे कितीतरी दिवस माफीच्या मेल लिहीत बसले.

पोरगं रडवेलं होऊन समोर उभं. "पण मॅडम, तुमच्याच पोस्टरवर लिहिलं होतं ना, अनलिमिटेड ॲक्सेस!"

आमचे बबनभाऊ शेजारी पुस्तकं लावत होते. ते जवळच्या उर्स्याचे, ग्रंथालयात माझ्याआधीपासून आहेत. म्हणाले, "बाळा, आमच्या हितल्या हाटेलातबी अनलिमिटेड थाळी असती. पर डबा भरून न्हाई देत!"

*

आता लिमये सर. बॉटनीचे. तळेगावात राहायचे आणि रविवारी डोंगरात असायचे. सह्याद्रीतली फर्न हा त्यांचा विषय, आणि फर्नवरचं एक छोटंसं परदेशी जर्नल हा त्यांचा जीव. ते कॉम्प्युटरवर यायला लागलं तेव्हा कपाटातले छापील, बांधलेले खंड काढून टाकायचं ठरलं. तिथे डिस्कशन रूम करायची होती. सर म्हणाले, मला द्या. नियम असा, की विद्यापीठाची मालमत्ता कुणा व्यक्तीला देता येत नाही, भंगारात मात्र काढता येते!

भंगारवाला देहूरोडचा. त्याचा टेम्पो गेटबाहेर पडला आणि मागोमाग सरांची स्कूटर. दुसऱ्या दिवशी सर खुशीत आले. "मॅडम, सगळे खंड परत मिळाले. किलोवर! आणि माणूस चांगला हो, सुतळी फुकट दिली त्याने."

त्या डिस्कशन रूममध्ये आता वाढदिवसाचे केक कापतात.

*

जर्नल ठेवायचं की काढायचं हे वर्षभरात ते किती वेळा उघडलं यावर ठरतं. एका वर्षी बजेटला कात्री लागली आणि सरांचं जर्नल यादीत अगदी तळाला निघालं. जवळजवळ कुणी उघडलेलंच नाही! मी चक्रावले, कारण एम.एस्सी.च्या सगळ्या पोरांच्या हातात त्यातलेच लेख दिसायचे.

सरांना विचारलं, तर अभिमानाने म्हणाले, "मी एकदाच काढतो आणि झेरॉक्स करून वाटतो. सगळ्यांनी तेच ते उघडून उगाच विद्यापीठावर भार कशाला?"

मी कमिटीला हे सगळं सांगितलं. कमिटी हसली. "छान माणूस आहे," म्हणाली आणि जर्नल बंद केलं.

*

त्याच वर्षी सर रिटायर झाले. निरोपाला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं आणि दुसऱ्या दिवशी लॉगिन बंद. परवान्यात नोकरीतली माणसं बसतात, रिटायर झालेली बसत नाहीत. पण परवान्यात एक फट असते. ग्रंथालयात येऊन, आमच्या खुर्चीत बसून कुणीही वाचू शकतं. म्हणून सर रोज तळेगावहून येऊन बसायला लागले. गेटवरच्या नव्या मुलाने विचारलं, "आबा, कुणाकडं आलाय? पाहुणा लिहू का?" सर म्हणाले, "वाचक लिही." त्याने पाहुणाच लिहिलं, कारण वाचक असा रकानाच नव्हता.

*

आता शेवटचा.

तिकोणा पेठेच्या वरच्या कड्यात सरांना एक फर्न सापडलं होतं. ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. नवीन जात असणार, अशी त्यांची खात्री. वर्णन लिहून तयार, चित्र स्वतःच्या हाताने काढलेलं, ते मला इतक्यांदा दाखवलेलं की फर्नच्या पानाची प्रत्येक दुमड माझी पाठ झाली होती. छापायला पाठवणार तोच त्यांना त्या बंद जर्नलच्या अनुक्रमणिकेत एक मथळा दिसला. सह्याद्रीतल्या एका नव्या फर्नबद्दलचा. मथळा दिसत होता, आत कुलूप. ते आपलंच फर्न आहे की वेगळं, हे बघितल्याशिवाय सर आपलं नवीन म्हणायला तयार नव्हते.

मी म्हटलं, दुसऱ्या विद्यापीठातून मागवून देते. नको म्हणाले. लेखकाला मेल टाकू? तेही नको. "ह्या ग्रंथालयात मी जन्म घालवला. वाचीन तर इथेच, सरळ दाराने!" असा हट्टी माणूस!

मी सहज बोलून गेले, की सर, बंद लेखावर क्लिक केलं तरी त्याची नोंद होते. किती जण आले आणि परत गेले, तेही कमिटीपुढे जातं.

त्या दिवसापासून सरांचं रोज आल्या आल्या क्लिक. चहाच्या आधी क्लिक, चहानंतर क्लिक. बबनभाऊ जाता-येता विचारायचे, "उगडलं का वो सर?" सर मान हलवायचे, की पुन्हा क्लिक.

वर्षअखेरीच्या मीटिंगमध्ये अध्यक्ष खूश. "केवढी मागणी आहे ह्या जर्नलला! पोरं अभ्यासाला लागलेली दिसतात." मी चहाच्या कपात बघत राहिले. जर्नल पुन्हा सुरू झालं.

उघडलं त्या सकाळी मी आणि बबनभाऊ सरांच्या खुर्चीमागेच उभे होतो. सरांनी क्लिक केलं. पान उघडलं, खाली सरकलं आणि चित्र आलं. मला वाचायची गरजच पडली नाही. तीच दुमड, तोच देठ. कोयनेच्या बाजूला कुणाला तरी सापडलेलं, छापून आलेलं, सरांच्या आधी नाव ठेवून झालेलं.

सरांनी चित्र मोठं करून पाहिलं. मग चष्मा काढून पुसला.

"चित्र चांगलं काढलंय हो," म्हणाले. "देठ जरा जाड झालाय, पण चांगलं काढलंय."

बबनभाऊंना राहवेना. "मंग सर? तुमचं झाड नवं हाय का न्हाई?"

"हो हो, नवीनच आहे. मी म्हणत होतो तसंच."

"मंग पेढं कुटं हाईत?"

दुसऱ्या दिवशी सर खरंच तळेगावहून पेढे घेऊन आले. पहिला मला दिला.

"घ्या मॅडम. फर्न नवीन निघालं!"