पास कुणाला होता

शिवशंकर नोकरी म्हणून फुटबॉल बघतो. हिंगोलीत हे कुणाला सांगितलं की तो माणूस आधी हसतो. मग विचारतो, त्यात काम काय?

काम असं आहे. परदेशातल्या सामन्यांचं रेकॉर्डिंग त्याच्या लॅपटॉपवर येतं. ते तो थांबवत थांबवत बघतो. एक पास झाला की पडद्यावरच्या मैदानावर दोनदा क्लिक करतो, पास जिथून निघाला तिथे आणि जिथे पोहोचला तिथे. मग एक चौकट उघडते. तीत लिहायचं, पास कुणी दिला आणि कुणाला होता. याला टॅगिंग म्हणतात. एका सामन्यात हजाराच्या आसपास पास होतात. तो सगळे टॅग करतो. ते आकडे कुठल्या तरी दूरच्या प्रशिक्षकाला जातात. त्या प्रशिक्षकाला शिवशंकरचं नाव माहीत नसतं.

नरसी रस्त्याला त्याचं पत्र्याचं घर आहे. मागे मेंढ्या बांधलेल्या. वडील, नामाजी, दिवसभर त्यांच्यामागे असतात. घराला मेंढ्यांचा वास आहे आणि त्या वासात बसून शिवशंकर पोर्तुगालचे सामने बघतो.

मी त्याचा कॉलेजपासूनचा मित्र. मराठीत एम.ए. केलं, म्हणून तो मला साहित्यिक म्हणतो. यात कौतुक नसतं.

गावातल्या कयाधू क्लबचे सामनेही तो टॅग करायचा. त्याबद्दल कुणी काही देत नव्हतं. पाण्याच्या टाकीवर मोबाइल बांधायचा, सामना रेकॉर्ड करायचा, घरी येऊन आकडे काढायचा. अडचण एकच होती. पोरांना ते शब्द कळत नव्हते.

"तू मराठीत करून दे," तो मला म्हणाला. "एम.ए. कोनत्या कामाला येनार मंग?"

म्हणून मी ते शब्द शिकलो. हीट मॅप म्हणजे कोण कुठे जास्त वेळ होता त्याचा नकाशा. जिथे जास्त, तिथे लाल. प्रेसिंग म्हणजे समोरच्याला चेंडू घेऊन उभं राहू न देणं. एक्सजी सगळ्यात अवघड वाटलं. एक्सपेक्टेड गोल.

"अपेक्षित गोल," मी म्हणालो.

"तसंच. त्या जागंवरून, त्या कोनातून शंभर जनांनी मारलं तर कितीचा गोल व्हतो, तेवढा एक्सजी. सात जनांचा झाला तर शून्य पॉइंट शून्य सात. झाला का न्हाई त्याचा संबंध न्हाई. व्हायला किती पाहिजे होता, ते."

"माझ्या लग्नाचा एक्सजी किती?"

"शून्य पॉइंट शून्य दोन. तेबी गोलकीपर घरी गेला असं धरून."

चेंडू नसताना खेळाडू जो पळतो, त्याला मी बिनचेंडूची धाव म्हटलं. पोरांनाही ते आवडलं. एक शब्द राहिला होता. एक खेळाडू मुद्दाम एका बाजूला पळतो. समोरचा बचावपटू त्याच्यामागे जातो. जागा मोकळी होते आणि गोल दुसराच करतो.

"ही तर हूल," मी म्हणालो.

शिवशंकरनं तो शब्द दोनदा म्हणून बघितला. "हूल. बराबर हाय."

हे सगळं रत्नपाल होता तेव्हाचं. रत्नपाल अकरा नंबर, डावीकडून खेळायचा. पावसाळ्यात कनेरगाव नाक्याजवळ त्याच्या मोटारसायकलला टेम्पोनं उडवलं. तो जागच्या जागी गेला. शिवशंकर आणि तो पहिलीपासून एका बाकावर होते. शिवशंकर रडलेला मी पाहिला नाही. तो घरी गेला आणि त्यानं अर्धवट राहिलेला सामना टॅग करून पाठवला.

क्लबनं दोन महिने खेळ बंद ठेवला. मग पुन्हा सुरू केला, कारण रूपसिंगकडे वेळ नव्हता.

रूपसिंग कर्णधार. मधल्या फळीत खेळतो, संघाचे निम्मे पास त्याच्या पायातून निघतात. त्याला पोलिसात जायचं आहे, खेळाडूंच्या कोट्यातून. त्यासाठी राज्य स्पर्धेत खेळल्याचं प्रमाणपत्र लागतं. वयोमर्यादेचं हे शेवटचं वर्ष. वसमतला सामना होता. जिंकले तर राज्य स्पर्धा. हरले तर रूपसिंग भावासोबत ऊसतोडीला.

वसमतच्या आधी सरावाचे तीन सामने झाले. सेनगावच्या संघाशी, कळमनुरीच्या, औंढ्याच्या. तिन्हीत एकही गोल झाला नाही. डावीकडे रुद्र नावाचा नवा पोरगा घेतला होता. चांगला पळायचा. पण त्याला चेंडूच मिळत नव्हता.

एका दुपारी शिवशंकरनं मला बोलावलं. त्याचा चेहरा नेहमीसारखाच होता. लॅपटॉप त्यानं माझ्याकडे वळवला.

"ह्यो सामना तू टॅग कर."

"मला कुठं येतं?"

"फक्त वाया गेलेले पास. चेंडू जिथं पोचला तिथं क्लिक कर. नाव लिहू नको."

मी करत गेलो. प्रत्येक क्लिकला पडद्यावर एक ठिपका पडायचा. वाया गेलेले पास मैदानभर विखुरतात, हे एव्हाना मला माहीत होतं. हे विखुरले नाहीत. डाव्या अंगाला, गोलसमोरच्या चौकटीच्या, म्हणजे पेनल्टी बॉक्सच्या कोपऱ्याजवळ, एकावर एक पडत गेले. तिथे कुणी खेळाडू नव्हता. रुद्र आत कुठेतरी पळत होता.

"सवय," मी म्हणालो. "रत्नपाल तिथंच राहायचा. पोरांना सवय आहे."

"मलाबी तसंच वाटलं. मी टॅग केलं तवा 'कुणाला' म्हणून अकरा टाकून बसलो. सॉफ्टवेअर म्हनलं, असा खेळाडू संघात न्हाई. म्हनून तुला बसवलं. म्हनलं, माझ्याच डोळ्याला दिसून राहिलं काय."

मग त्यानं दुसरा नकाशा उघडला. सेनगावच्या उजव्या बचावपटूचा हीट मॅप होता. आपल्या डाव्या बाजूला जो खेळाडू असतो, त्याला अडवणं याचं काम. त्याचा लाल डाग त्याच कोपऱ्यावर होता. रुद्र जिथे होता तिथे नाही. मोकळ्या जागेच्या अगदी शेजारी. कुणाला तरी धरून उभं राहावं तसा.

"हा पोरगा रत्नपालला ओळखत होता?"

"न्हाई. सेनगावात यंदाच आलाय."

कळमनुरीच्या बचावपटूचा डाग तिथेच. औंढ्याच्याही. तीन वेगळ्या गावांची तीन पोरं. शिवशंकरनं व्हिडिओ लावला. औंढ्याचा पोरगा चेंडूकडे बघत होता आणि मधून मधून मान वळवून मागे बघत होता. मागे गवत होतं.

मला पाणी प्यावंसं वाटलं. मी उठलो नाही.

तेवढ्यात नामाजी आत आले. त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही, कळून घ्यायचंही नाही. पडद्यावर लांबून घेतलेले खेळाडू ठिपक्यांएवढे हलत होते. ते क्षणभर थांबले.

"ह्यातलं कोन गेलं रे?"

"तुमाला कसं कळलं, बाबा?"

"जागा सोडून चालून राहिले ना." त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. "म्होरकं मेलं की कळप असाच चालते. दामटलं तरी तेवढी जागा भरत न्हाई."

"मंग कवा भरते?"

"कोनाला तरी धरून तिथं उभं करावं लागते," ते म्हणाले आणि चहा मागायला आत गेले.

शिवशंकरनं लॅपटॉप मिटला. पोरांना हे दाखवायला हवं, हे आम्हां दोघांनाही कळत होतं. दाखवलं तर पास थांबतील. पास थांबले तर वसमतला जिंकता येईल. पण तो म्हणाला, "मावशीचं काय?"

मावशी म्हणजे अनुसयाबाई, रत्नपालची आई. खेळ पुन्हा सुरू झाल्यापासून ती प्रत्येक सामन्याला यायची. डाव्या बाजूच्या रेषेबाहेर पोतं टाकून बसायची. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात. मग ती उठायची, पोतं घेऊन मैदानाला वळसा घालायची आणि पलीकडे पुन्हा डावीकडे बसायची. रत्नपाल असतानाही ती असंच करायची. आता वाया गेलेला चेंडू घरंगळत थेट तिच्याकडे यायचा. ती तो पदरानं पुसायची आणि आत द्यायची. एकदा मी शेजारी होतो.

"येऊन राहिला बघ," ती मला म्हणाली होती. "पोरं इसरली न्हाईत त्याला."

शिवशंकरनं दोन दिवस पोरांना काही दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी सरावानंतर त्यानं सगळ्यांना बसवलं आणि ठिपके दाखवले.  रूपसिंगनं वाकून पडद्यावर बघितलं.

"मी तिकडं कवा देतो?"

शिवशंकरनं व्हिडिओ दाखवला. रूपसिंग मान वर करून नीट बघतो आणि पास देतो. घाईत नाही, चुकून नाही.

"बघून देऊन राहिला तू," शिवशंकर म्हणाला. "काय दिसते तुला?"

रूपसिंगनं व्हिडिओ पुन्हा लावला. "दिसत न्हाई काही. हाय असं वाटते. हात वर केल्यावानी."

रुद्र जरा सरकून बसला.

"वसमतला तिकडं एकबी पास जानार न्हाई," शिवशंकर म्हणाला. "पन तू मान तिकडं कर. पाय तिकडं ने. त्यांचा गडी तिकडं जाईल. ते सगळेच जातात. मंग तू आत घे आन् मार."

"म्हंजी रत्नपालची हूल द्यायची?"

तो शब्द मी दिला होता. त्या वेळी तो किती हलका वाटला होता.

"व्हय," शिवशंकर म्हणाला.

सामन्याच्या आदल्या दिवशी तो अनुसयाबाईकडे गेला. मीही सोबत होतो. त्याला सांगायचं होतं, उद्या येऊ नका. तिनं बसायला सांगितलं, पाणी दिलं. त्याच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"मावशी, वसमतची गाडी सकाळी हाय."

"ठावं हाय मला. पोतं बांधून ठेवलंय."

वसमतचं मैदान शाळेचं होतं. वाऱ्यावर हळदीचा वास होता. अनुसयाबाई डावीकडे बसली. पहिल्या अर्ध्यात एकही चेंडू तिच्याकडे गेला नाही. रूपसिंगचा पाय दोनदा तिकडे वळला आणि त्यानं तो आवरला. लांबूनही ते दिसत होतं. मध्यंतरात ती उठली, पोतं घेतलं, वळसा घालून पलीकडे गेली.

इथे टाकी नव्हती, म्हणून शिवशंकर मोबाइल गोलपोस्टमागच्या भिंतीला लावून माझ्याशेजारी उभा होता. तो चेंडूकडे बघत नव्हता. त्यांच्या उजव्या बचावपटूकडे बघत होता.

गोल शेवटी झाला. रूपसिंगला बॉक्ससमोर चेंडू मिळाला. त्यांचा उजवा बचावपटू आडवा उभा होता. रूपसिंगनं मान डावीकडे केली. पाय डावीकडे नेला. बचावपटू तिकडे गेला. एक पाऊल जाऊन थांबला नाही. पळाला. हात आडवा धरून, खांद्याला खांदा लावून, पार कोपऱ्यापर्यंत पळाला. समोर दार उघडावं तशी जागा झाली. रूपसिंगनं मारलं. जाळी हलली.

पोरं एकमेकांवर पडली. शिवशंकर जागचा हलला नाही.

सामना संपल्यावर त्यांचा प्रशिक्षक त्या बचावपटूला बाजूला घेऊन उभा होता.

"कोनाच्या मागं गेलता रे?"

पोरगा घामानं भिजला होता. "कोनाच्याच न्हाई, सर."

"मंग पळत का गेला? शर्यत लागलती का?"

"मला वाटलं, यानं पुढं जाऊ नये." त्यानं आपला खांदा चोळला. "धक्का लागला मला."

प्रशिक्षकानं त्याला पाणी पिऊन ये म्हणून सांगितलं.

रूपसिंगला खांद्यावर घेऊन पोरं फाटकाकडे गेली. मैदान रिकामं झालं. अनुसयाबाई बसूनच होती. आम्ही तिच्याकडे गेलो.

"आज न्हाई आला," ती म्हणाली.

शिवशंकर तिच्यासमोर मातीत बसला. त्यानं मोबाइलवर गोल काढून दाखवला. बचावपटूवर बोट ठेवलं. "हा बघा मावशी, कुठं चालला. ह्याला रत्नपालनं वढून नेलं. म्हनून जागा झाली. म्हनून गोल झाला."

तिनं बघितलं. तो पोरगा खांद्याला खांदा लावून पळत होता, शेजारच्या मोकळ्या हवेशी. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा लावलं.

"मंग हे लिहिनार तू? त्याच्या नावावर?"

शिवशंकरनं मोबाइल खाली घेतला. "न्हाई लिहिता येत. चेंडूला पाय लागला तरच नाव लागते. असं वढून नेलेल्याला रकाना न्हाई."

"हूं," ती म्हणाली.

वारा सुटला होता. तिनं पोतं झटकलं, घडी केली. मग बाजूच्या रेषेवर उभी राहून तिनं त्या कोपऱ्याकडे बघितलं, बॉक्सच्या, गवत पायांनी उपटलेलं होतं तिथे. बराच वेळ. मीही बघितलं. मला काही दिसलं नाही. गेले कित्येक दिवस तिकडे बघताना कुणीतरी आहे असं जे वाटायचं, तेही वाटलं नाही.

"म्हंजी त्याचं काम झालं," ती म्हणाली. "आता त्या नव्या लेकराला देत जा तिकडं. उगं उपाशी पळून राहिलंय कवाचं."

शिवशंकरनं मान हलवली. त्याला उठायला जमेना. मी हात दिला. तो हात त्यानं बसस्थानकापर्यंत सोडला नाही.