मामांचा अर्धा पिच्चर

आमचे मामा दारात आडवी बाज टाकून झोपायचे. मामा म्हणजे माझे सासरे. थंडी असो, डास असोत, बाज उंबऱ्याच्या आतल्या अंगाला अशी पडायची, की येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी मामांना ओलांडावं लागावं. पहाटे गोठ्याकडं निघालेल्या सासूबाई रोज कुरकुरायच्या, "आवं, दाराला कडी हाय की!" त्यावर मामांचं ठरलेलं उत्तर, "कडी खोकत न्हाई."

माझे यजमान सैन्यात. तरुणपणी मामाही सैन्यातच होते. "ल्योक देशाची राखण करतोय, मी त्याच्या घरची करतो," असं ते गावात अभिमानानं सांगायचे. ही राखण भलतीच कडक होती. आष्ट्याच्या बाजाराला गेलो तरी मामा चार पावलं मागं असायचेच. बांगडीवाल्यानं माझा हात धरला की यांनी घसा खाकरलाच. हात न धरता त्या बिचाऱ्यानं बांगड्या भरायच्या तरी कशा? मला हसू यायचं. कधी कधी गुदमरायलाही व्हायचं, खोटं कशाला बोलू?

माझी लेक स्वरा तेव्हा बालवाडीत जायची. तिचा एक लाडका कार्टूनचा पिच्चर होता, साळिंदराच्या कुटुंबाचा. कोल्ह्याची चाहूल लागली की त्यातला बाप पिल्लांना बिळात लोटायचा आणि स्वतः तोंड आत करून, पाठीवरचे काटे बाहेर फुलवून बिळाचं दार अडवायचा. स्वरा शाळेतून आली की रोज तोच लावायची आणि मामा तिच्या शेजारी मांडी घालून बसायचे. खऱ्या साळिंदरांनी आपल्या भुईमुगाची केलेली नासधूस विसरून म्हणायचे, "बाप हाय गड्या! आसा पायजे."

त्याच सुमारास मला म्हसवडजवळच्या सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. शिकून घरात बसले होते, या एका कागदाची किती वाट पाहिली होती मी! महिन्याच्या आत हजर व्हायचं होतं आणि स्वराला घेऊन तिकडंच राहायचं होतं. यजमान फोनवर म्हणाले, "आबा हो म्हणाले तर खुशाल जा."

आबा, म्हणजे आमचे मामा, नाही म्हणाले. ओरडले नाहीत की भांडले नाहीत. टीव्हीकडं बोट दाखवून म्हणाले, "मुकं जनावर हाय, पर त्येला कळतंय. पिलं बाहीर सोडायची नसत्यात." मग येईल-जाईल त्याला हाच दाखला सुरू झाला. भावकीतल्या दोघांना तर बसवून घेऊन पिच्चरमधला तेवढा भाग दाखवला. माणसाशी भांडता येतं, साळिंदराशी कसं भांडायचं?

गंमत अशी, की मामांनी तो पिच्चर कधी पुरता पाहिलाच नव्हता. अर्ध्यावर आला की धारेची वेळ व्हायची. म्हैस हंबरली की मामा उठायचे. पुढं काय होतं ते मला आणि स्वराला पाठ होतं. पण सांगून ऐकणाऱ्यातले मामा नव्हते.

मुदत संपत आली आणि म्हैस आटली. त्या दिवशी मामांना उठायचं कारणच उरलं नाही. मी चहा घेऊन आले तेव्हा पिच्चर शेवटाला पोचला होता. कोल्हा केव्हाच निघून गेलेला. बिळातला दाणागोटा संपलेला. पिल्लं रोडावून बापाच्या तोंडाकडं बघत बसलेली. वाट अडवली होती ती आता एकट्या बापानंच. शेवटी तो काटे मिटवून बाजूला सरतो आणि मोठी लेक मागं न बघता बाहेर पडते.

मामांनी चहाला हात लावला नाही. "हे आसं हाय व्हय पुढं?" त्यांनी स्वराला विचारलं.

"आज्जा, हे रोजच असतंय," ती म्हणाली.

त्यानंतर मामा माझ्याशी बोलेनासे झाले. पिच्चरवाल्याला मात्र शिव्या चालू होत्या, "फसवा हाय लेकाचा. त्येला पोरगी नसंल!" आणि एका सकाळी बघते तर धुवट धोतर नेसून, टोपी घालून माझी बॅग हातात घेऊन उभे. "आवर लौकर. यष्टी चुकंल."

म्हसवडला खोली त्यांनीच पसंत केली. कडी ओढून बघितली, खिडकीचे गज हलवले, घरमालकिणीला तिच्या माहेराच्या नावापर्यंत विचारून बेजार केलं. सिद्धनाथाला नारळ फोडला. आता इथंच मुक्काम ठोकतात की काय, अशी मला धास्ती. पण परतीच्या गाडीत ते मुकाट्यानं चढले. खिडकीतून म्हणाले, "पोरी, जीव घाबरला तर फोन कर." गाडी हलली तसं पुन्हा डोकं बाहेर काढलं. "आन् बरं चाललं आसंल तरी कर. मला ऐकायचं हाय."

मी करायची. "मामा, आज एक बाळंतीण लय अडली होती. सुटली बघा," असं सांगितलं की पलीकडून "व्हय? व्हय?" आणि मग सासूबाईंना मारलेली हाक, "आगं, आपल्या पोरीनं सोडवली!" एवढं कौतुक माझ्या सख्ख्या वडिलांनीही कधी केलं नव्हतं.

गेल्या वर्षी मामा गेले. मी अजून म्हसवडलाच आहे. स्वरा चौथीत आहे, माझी नोकरी पक्की झाली आहे. जीव घाबरला तर फोन करायला आज मला पुष्कळ माणसं आहेत. बरं चाललंय, हे कुणाला सांगू?