मूळचा गोडवा

न वाचलेल्या कादंबरीवर मी तिच्या लेखिकेसमोरच बोललो. आमच्या पाया लेबार भागातल्या वाचनकट्ट्यावर मल्याळम आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या एक बाई आल्या होत्या. माझ्या कथासंग्रहाला त्यांची प्रस्तावना हवी, म्हणून मी ज्ञान पाजळलं, "अनुवाद बरा आहे, पण मूळ मल्याळमचा गोडवा नाही." मल्याळमचं एक अक्षर येत नसलं तरी आम्हा हौशी मंडळींना मूळचा गोडवा बरोबर कळतो.

"ही मी आधी इंग्रजीतच लिहिली," बाई म्हणाल्या. "पहिल्याच पानावर तसं छापलंय."

मी तरीही निर्लज्जपणे विचारलं, "मग प्रस्तावनेचं काय?"

"तुम्ही स्वतः पहिली पानं वाचत नाही. मग तुमच्या पुस्तकाला प्रस्तावना कशाला हवी?"