बंगईचा भाव

लग्न होऊन गोंदियाला आले तेव्हा मला बसायला जी खुर्ची दिली होती, ती तिसऱ्या दिवशी विकली गेली. आंघोळ करून येते तर खुर्ची नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणाले, "गिऱ्हाईक आलं होतं."

नव्व्याण्णव सालची गोष्ट. मुर्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर यांचं जुन्या सामानाचं दुकान, आणि मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. दुकानात मावत नसे ते घरात यायचं, आणि घरातलं काहीही केव्हाही दुकानात जायचं. आज ज्या टेबलावर जेवलो ते उद्या नागपूरच्या ट्रकमध्ये. मी चिनी मातीच्या बरणीत लोणचं घातलं, तर यांनी लोणचं डब्यात काढून बरणी विकली. कपाटात साड्या लावायला जीव धजत नसे. माझ्या पायाला आधीच भिंगरी, त्यात घर हे असं. एका जागी बूड टेकेल तर शपथ.

मग कामठ्याहून बंगई आली. एका पोवाराच्या घरी वाटण्या झाल्या होत्या. भाऊ दोन आणि झोपाळा एक. भांडण नको म्हणून त्यांनी तो यांना देऊन टाकला. सागवानाची फळी, माणसं बसून बसून गुळगुळीत झालेली, आणि पितळेच्या कड्यांत मधे मधे छोटे मोर. दुकानाला टिनाचं छप्पर, तिथे टांगता येईना, म्हणून ती आमच्या मागच्या खोलीत लागली. दुपारी चहा घेऊन मी तिच्यावर बसले, पायाने जमीन जराशी रेटली, आणि काय सांगू, डोक्यातली सारी धावपळ थांबली. लग्नानंतर पहिल्यांदा मी चहा गरम असताना संपवला.

"एवढी राहू द्या," असं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मी कायले म्हणू? नवऱ्याला आपणहून कळू नये का? आमच्या तोऱ्याला तोड नव्हती. मी दुसराच उद्योग केला. गिऱ्हाईक मागच्या खोलीपर्यंत येऊच नये म्हणून दुकानात जाऊन उभी राहू लागले आणि ते बाहेरूनच परत जावं म्हणून प्रत्येक वस्तूची खोट सांगू लागले. त्या कपाटाचा मागचा पाय बदललेला आहे. समई जुनी, पण वरचा हंस मागच्या महिन्यात बसवलाय. हे कपाळाला हात लावायचे. झालं मात्र उलटंच. बाई खरं सांगते, तिथूनच घ्या, असं लोक म्हणू लागले. यांना सोडून मलाच भाव विचारू लागले, आणि खोटं कशाला बोलू, मलाही त्यात मजा येऊ लागली.

दुकानाचा नियम एकच होता: तोंडातून भाव निघाला की वस्तू गिऱ्हाइकाची. एकदा यांनी एका शिसवी आरशाचा भाव चुकून कमी सांगितला आणि शब्द फिरवू पाहिला, तेव्हा गिऱ्हाइकासमोर तो नियम मीच यांना ऐकवला होता.

अशी दहा-बारा वर्षं गेली. बंगई होती. पण रोज वाटायचं, आज जाते. बसल्या बसल्या माझा कान दुकानाकडे.

एका दुपारी हे सामान पाहायला गावाला गेले होते. नवेगाव बांधकडे रिसॉर्ट बांधणारा एक माणूस आला. बरण्या घेतल्या, पाणी भरायचे पितळी गुंड घेतले, प्यायला पाणी मागितलं आणि माझ्या मागोमाग सरळ आत आला.

"भाभीजी, ये झूला कितने का?"

नाही म्हणायचं होतं, दोनच अक्षरं. पण जिभेला इतक्या वर्षांची सवय. मी असा भाव सांगितला की माणसाने ऐकून चप्पल घालावी आणि निघावं.

"दिया," तो म्हणाला, आणि त्याने पैसे त्या फळीवरच ठेवले.

संध्याकाळी मी यांना सांगितलं. हे भिंतीला टेकून खाली बसले.

"काऊन विकली व?"

"तुमी कधी ना कधी विकणारच होते ना."

"मी कधी म्हटलो? दरसाली कोणी ना कोणी मागते. साऱ्याइले सांगून राहिलो, घरच्या बाईची हाय, विकाची नाही."

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"

"तू कधी इचारलं?"

मला रडू आवरेना. म्हटलं, त्याला फोन करा, द्यायची नाही म्हणा.

"भाव निघाला ना तोंडातून," हे म्हणाले. रागाने नाही.

सकाळी हे स्टुलावर चढून कड्या सोडवत होते आणि खाली मी फळी धरून उभी होते. इतकी वर्षं बसले, पण ती एवढी जड आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

छताचे हुक यांनी अजून काढलेले नाहीत. पुढच्या महिन्यात यांनी नवा सोफा आणला, विकायचा नाही असं मला दोनदा सांगून. चांगला आहे. मी चहा उभ्यानेच पिते.