आमच्या पायाचं माप ठरवणारी बैठक

‘‘पाय जरा वर घ्या, सगळ्यांना दिसू दे,’’ कोट घातलेले साहेब म्हणाले.

मी पाय स्टुलावर ठेवला. आनंदनगरच्या कारखाना वसाहतीतल्या एका एसी हॉलमध्ये लांब टेबलाभोवती कारखानदार, बूट बनवणारे, तपासणीवाले बसले होते. सेफ्टी बुटांचे नवे नियम ठरत होते. कामगार म्हणून मी एकटी. बाईमाणूसही मी एकटीच. आमच्या मॅनेजरने मला नमुना म्हणून नेलं होतं.

‘‘बूट काढा.’’

काढला. आतून चिंध्यांचा बोळा बाहेर पडला. आमच्या मापाचे बूट येतच नाहीत. पुरुषांचे मिळतात, त्यात आम्ही बाया चिंध्या कोंबतो. माझा पाय आखूड, पुढे पसरट. बारवी धरणाकडच्या पाड्यावर अनवाणी वाढलेला. एकजण म्हणाला, ‘‘अरे, ये पैर ही स्टँडर्ड नहीं है.’’ सगळे हसले. आमचा मॅनेजरही हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मला भिंतीकडे बसवलं. पुढचं सगळं इंग्रजीत. चहा आला, तोही टेबलापर्यंतच. शेवटी मॅनेजर जवळ येऊन म्हणाला, ‘‘जुनीच मापं ठेवली. कामगारांची सहमती आहे असं लिहितायत.’’

‘‘मला कुणी विचारलं?’’

‘‘तू होतीस ना इथे? काही बोलली नाहीस. गप्प राहिलं की सहमती धरतात.’’

डोळ्यांसमोर सविता आली. कारखान्यात माझ्याच लाइनवरची. ओल्या फरशीवर ढगळ बुटात तिचा पाय मुरगळला, अजून लंगडते. त्या बुटाला मी हो म्हटलं, असं हे लिहिणार होते. मी उठून टेबलापाशी गेले.

‘‘नाही. माझी सहमती नाही. तसं लिहा.’’

कुणी मान वर केली नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी दार अडवून उभी राहिले. त्यांनी माझी हरकत लिहून, वाचून दाखवली तेव्हाच मी हलले. मापं मात्र जुनीच मंजूर झाली.

त्यानंतर कँटीनमध्ये माझ्या बाकावर कुणी बसत नाही. सविताही नाही. ‘‘कशाला गं तोंड उघडलंस? आता आमच्यावर पण डोळा ठेवतील,’’ एवढंच बोलली. तिचा राग नाही येत. पण डबा एकटीनेच खावा लागतो. सुटी झाली की मोरिवलीच्या रस्त्याने एकटीच घरी चालत जाते. बोलायला माणूस नाही.

मॅनेजर म्हणतो, पुढच्या बैठकीला दुसरी बाई नेऊ, कमी बोलणारी.

न्या. मीही येणार. बोलावलं नाही तरी येणार. बाहेर काढलंत तर बाहेरून ओरडेन. पण माझ्या गप्प राहण्याला पुन्हा कुणाला ‘हो’ म्हणू देणार नाही.