नकाशावरची बोट

नवरा गेला आणि वर्षभरात मीही म्हसळ्याच्या शाळेतून निवृत्त झाले. बोर्ली पंचतनजवळच्या घरी एकटीच राहायला आले. मुलगी परदेशात. तिनं मोठा टीव्ही बसवून दिला आणि एक मालिका सुचवली, दुसऱ्या महायुद्धातल्या दोस्त राष्ट्रांच्या तीन पुढाऱ्यांची. "आपण दोघी एकाच दिवशी बघू, मग फोनवर बोलू," असं ठरलं. पहिले दोन भाग तिनं पाहिले. पुढं तिला जमेना. मीही विचारायचं सोडून दिलं.

एकटीनं बघताना मी टीव्हीचा आवाज वाढवून ठेवायची. घरात माणसं बोलताहेत असं वाटायचं.

तो आवाज ऐकूनच शेजारची खाला आली. ऐंशीच्या पुढची, तिचा मुलगा कुवेतला, तीही एकटीच. "बाय, काय चाललंय? भांडणं हायत काय?" म्हणाली आणि बसली. मालिका हिंदीत होती, तिला सगळं कळायचं. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळची, मगरिबची नमाज झाली की ती यायची. मी चहा टाकायची.

तिघा पुढाऱ्यांना तिनं लगेच ओळखून घेतलं. सिगारवाला तिला बडबड्या वाटला, चाकाच्या खुर्चीतला भला. मिशीवाल्यावर ती नजर ठेवून होती. "ह्यो कमी बोलतो. त्याच्याकडं बघत ऱ्हा." मेजवानीत तिघं एकमेकांच्या नावानं पेले उंचावू लागले, तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. "एकाचाबी दुसऱ्यावर भरोसा न्हाय, आणि जेवतायत बघ कशे!" कित्येक दिवसांनी माझ्या घरात कुणीतरी हसत होतं.

एका भागात तळघरातली खोली दाखवली. मधोमध मोठं टेबल, त्यावर समुद्राचा नकाशा, नकाशावर लाकडाच्या छोट्या बोटी. एक अधिकारी आत आला, काही तरी पुटपुटला. दुसऱ्यानं लांब काठीनं त्यातली एक बोट बाजूला ओढली आणि उचलून पेटीत टाकली. सिगारवाला आपलं बोलतच राहिला.

"ती बोट का काढलीन?" खालानं विचारलं.

"बुडाली असेल."

"आणि आतली माणसं?"

पडद्यावर पुढचा प्रसंग सुरू झाला होता. खाला मात्र माझ्याकडं बघत होती.

"माझे अब्बा आगवाले होते," ती म्हणाली. "बोटीच्या पोटात, भट्टीत कोळसा टाकायचे. लढाईत बोट बुडाली. मी तवा अम्मीच्या पोटात."

मी टीव्ही बंद केला. इतकी वर्षं शेजार असून मला हे माहीत नव्हतं.

"कंपनीकडून खबर आली. पण मय्यत न्हाय आली. अम्मी म्हणायची, बघितल्याबिगर मी कशी मानू? नवरा मेल्यावर बाईनं घरात बसायचं, त्या इद्दतीला बसली न्हाय. बांगड्या उतरवल्या न्हायत. अब्बांच्या नावाची फातेहा, मेलेल्यासाठीची दुआ, कोणाला पढू दिली न्हाय. ती गेली, तरी मला फातेहा पढवून घ्यायचा धीर झाला न्हाय. वाटायचं, अम्मीला काय वाटंल?"

त्या दिवशी तिला दारापर्यंत सोडायला गेले. तिनं माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

पुढच्या गुरुवारी तिनं घरी बोलावलं. मौलवी आले होते, गल्लीतल्या चार बायका होत्या. तिनं पहाटेपासून खपून सांदणं केली होती, नारळाचं दूध काढलं होतं. फातेहा सुरू झाली. मी आत चुलीपाशी बसले होते, तिथून तिचा चेहरा दिसत होता. मौलवींनी अब्बांचं नाव विचारलं. ते तिनं इतक्या हळू सांगितलं, की त्यांना पुन्हा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना ती रडली. ज्या माणसाला कधी पाहिलं नाही त्याच्यासाठी, म्हातारपणी, लहान पोरीसारखी.

मला नवऱ्याची आठवण आली. त्याला मी शेवटचं पाणी पाजलं होतं, हात धरून बसले होते. मला सगळं मिळालं होतं, तरी मी रिकामीच होते. हे तिथं कुणाला सांगणार?

त्यानंतर ती मालिकेला आली नाही. मी बोलवायला गेले तर म्हणाली, "आता नको बाय. तू बघ. मला जे बघायचं होतं ते बघून झालं." थोड्याच दिवसांत तिचा मुलगा कुवेतहून आला. त्यानं पनवेलला फ्लॅट घेतला होता, तो तिला घेऊन गेला. जाताना तिनं माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. फोन करते म्हणाली. पहिल्यांदा केला, तेव्हा तिला ऐकू येईना. सून मधे बोलत राहिली.

शेवटचे भाग मी एकटीनं पाहिले. खुर्चीतला मेला, सिगारवाला निवडणूक हरला. युद्ध जिंकलेले लोक रस्त्यावर नाचत होते आणि मोठमोठी माणसं एकमेकांकडं संशयानं बघायला लागली होती. मिशीवाल्याबद्दल खाला बरोबर बोलली होती, हे तिला सांगावंसं वाटलं. फोन हातात घेतला. सून उचलेल, मग काय सांगायचं, हे सुचेना.

मी उठून खिडक्या लावून घेतल्या. शेजारचं घर बंद होतं, आणि त्यांच्या अंगणातल्या सुपाऱ्या कुणी न वेचल्यामुळं खालीच पडून होत्या.